जमनीला मी थांब म्हणाले होते

फाल्गुन लागला की आमच्या घरात चुलीला विसावा नसे. अंगणात मोठं पातेलं चढे, त्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा रटरटे, आणि माय दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून तो ढवळत राही. ज्वारी, तीळ, लसूण आणि मिरची यांचा तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि गल्लीतली सगळी पोरं वाट्या घेऊन दारात हजर होत. गरम घाट्यावर कच्चं तेल ओतून खाल्लं की जिभेला चटका बसे आणि तरी दुसरी वाटी पुढे होई. ओसरीत मिरच्यांचा ढीग पडलेला असे. आबा तिकडून आले की आधी शिंकत आणि मग बोलत. माय म्हणे, "तुमन्हा आबा घर उना का माले डोळा उघाडीसन देखनं पडत नही." ब्राह्मणपुरीतल्या त्या घराचं मला आधी काय आठवतं, तर ही आबांची शिंक आणि मळ्यातल्या मोटेची कुरकुर. बाकीचं पुष्कळ विसरले. जे विसरायला हवं होतं तेवढं मात्र राहिलं.

मळ्यातल्या विहिरीजवळ दुरसिंगदादाची झोपडी होती. तो आमचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राहिलेला, मूळचा डोंगरातल्या एका पाड्याचा पावरा आदिवासी. आबा त्याला 'दुरसिंग्या' म्हणत, मी 'दुरसिंगदादा' म्हणे, आणि तो मला मी परकरात अडखळून पडायच्या वयापासून 'सुमनबाई' म्हणे. त्याची मुलगी जमनी माझ्याच वयाची. गावच्या शाळेत मुलींचा पट भरत नव्हता, म्हणून मास्तर घरोघर हिंडले तेव्हा आबांनी माझ्याबरोबर तिचंही नाव घातलं. पट भरावा एवढाच त्यात हेतू होता. ती शिकेल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि ती माझ्या पुढे जाईल असं तर मुळीच नाही. पण सातवीला येईपर्यंत जमनी वर्गात पहिली होती आणि मी तिच्या पाटीवर डोळा ठेवून पास होत होते. काळ-काम-वेगाची गणितं मला कधी जमली नाहीत. जमनी ती तोंडी सोडवी आणि वर म्हणे, "या गणितना मजूर पानी पेवाले भी उठत नहीत का वं? मन्हा बापले इचार, एक दिनमा कितलं खंदाई व्हस ते." घरी ती पावरी बोले, आमच्याशी अहिराणी, आणि मास्तरांपुढे पुस्तकातली मराठी. तिन्ही बोलताना ती अडखळत नसे. फायनल पास झाली की ही पोर मास्तरीण होईल, असं मास्तर उघड म्हणत. तेव्हा सातवीची ती फायनल म्हणजे मोठी गोष्ट होती. आमच्या वर्गाच्या आधी गावातली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती.

होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगराच्या पायथ्याच्या गावांमध्ये भोंगऱ्या बाजार भरतो. होळीचा शेवटचा बाजार. डोंगरातल्या प्रत्येक पाड्याची माणसं आपला ढोल घेऊन उतरतात, बासऱ्या वाजतात, माणसं हातात हात गुंफून नाचतात, आणि साखरेचे हार-कडे, डाळ्या, खजूर आणि गुळाची जिलबी घेऊन उन्हं उतरायच्या बेताला परत फिरतात. दुरसिंगदादा पाड्याचा ढोल वाजवणारा. आठवडाभर आधीपासून तो ढोलाचं कातडं शेकोटीवर तापवी, एका तोंडाला पीठ चोळी, कान लावून ऐके, पुन्हा चोळी. मी आणि जमनी शेजारी बसून बघत असू. त्या वर्षी मी हट्ट धरला की मलाही भोंगऱ्याला जायचंय. माय तयार नव्हती. शेवटी धाकटे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, गाडी घेऊन बाजाराला निघालेच होते, म्हणून हो म्हणाली. पण निघताना तिनं आम्हां दोघींना समोर उभं केलं, माझ्या ओढणीचं टोक जमनीच्या ओढणीच्या टोकाला बांधलं आणि गाठ अशी आवळली की कापड चुरगळलं.

"दोन्ही जनी जाशात, दोन्ही जनी येशात," ती म्हणाली. "एकलीनी घर येवानं नही."

दुरसिंगदादा आणि जमनीची माय काळीबाई गाडीत होतेच. वाटेत दुरसिंगदादानं त्याच्या परीनं शिकवण दिली. गर्दीत त्याच्या माणसांची एक रीत होती आणि ती त्यांची लहान पोरंही पाळत. "हात सुटना तं पयानं नही, सुमनबाई. जठे शेस तठे उभं ऱ्हावानं. जो धुंडस तोच फिरी. दोन्ही फिरनात तं जलमभर भेटतस नही. अन् आपला ढोल कान दिसन आयकी ले. बठ्ठास्ना ढोलमा तो न्यारा वाजस." मला सगळे ढोल सारखेच ऐकू येत. जमनी मात्र गाडीत बसल्याबसल्या बोटांनी फळीवर तो ठेका धरून होती.

माझी नात पुण्यात असते. हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर गाण्याच्या मोठमोठ्या मैफिलींना जाते. हजारो माणसं, मैदानात मांडव, कानठळ्या बसवणारे कर्णे. मी काळजी करते म्हणून तिनं मला एकदा सगळी तयारी समजावून सांगितली. फोनवर एकमेकींची जागा दिसते, फोन बंद पडला तर कुठल्या फाटकापाशी यायचं ते आधी ठरतं, आणि आल्या तितक्या सगळ्या मोजून निघतात. "आम्ही कुणाला मागे सोडत नाही गं आजी," ती म्हणाली. मी 'शहाणी आहेस' म्हणाले आणि देवघरात जाऊन बसले. तिला वाटलं आजीला बरं वाटत नाही. तिला खरं सांगायचं धैर्य झालं नाही म्हणून हे इथे लिहिते आहे.

बाजारात पाऊल टाकलं आणि आवाजानं छाती हलू लागली. पन्नासेक ढोल तरी असतील. धुळीत घुंगरं, चांदीचे दागिने, लाल-पिवळे फेटे, आणि मध्ये आम्ही दोघी एका गाठीनं बांधलेल्या. जिलबी घेताना दोघींनी एकदम वाकायचं, बांगड्या बघताना दोघींनी एकदम बसायचं. हसून हसून पोट दुखलं. जमनीच्या मावश्या भेटल्या, त्यांनी आम्हांला नाचात ओढलं, आणि माझे पाय चुकले की जमनी कमरेला धरून मला ओळीत आणी. त्या दोन-तीन घटकांइतकी सुखी मी त्या वर्षात दुसरीकडे कुठे नव्हते, हेही सांगायला हवं.

मग मालती दिसली. शहाद्याला माझ्या मामांच्या शेजारी एक कारकून राहत, त्यांची ही मुलगी. पायात चपला, दोन वेण्या, आणि बोलणं धड्यातल्यासारखं. तिच्यासमोर मी 'शे' गिळून 'आहे' म्हणत असे आणि घरी आल्यावर स्वतःवरच खूश होत असे. तिच्या वडिलांच्या ओळखीच्या कुणा साहेबांची जीप होती, तीतून ती आत्याबरोबर बाजार बघायला आली होती. तिनं आमच्या ओढण्यांची गाठ पाहिली, मग जमनीच्या पायातले कथलाचे वाळे पाहिले.

"ही कोण? तुझी मैत्रीण?"

"छे," मी म्हणाले. "आमच्या सालदाराची पोर आहे. आईनं सोबत दिली."

जमनीला पुस्तकातली मराठी माझ्याहून चांगली कळत होती. मालती म्हणाली, "चल ना आमच्याकडे, आम्ही तिकडे सतरंजी टाकली आहे." मी गाठ सोडायला लागले. मायची गाठ ती, सुटेना. नखं दुखली, कपाळाला घाम आला, मालती बघत उभी. शेवटी जमनीनंच ते टोक तोंडाशी नेलं आणि दातांनी सोडवून दिलं. समोर महूचं, म्हणजे मोहाचं, एक मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याकडे बोट करून मी म्हणाले, "तू आठेच थांब. मी उनूच."

"बरं," ती म्हणाली. "बेगी ये."

जीपजवळ पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती, थर्मासातला चहा होता. लांबून नाच बघत मालतीची आत्या म्हणाली, "इथे म्हणे मुलगा मुलीला गुलाल फासतो आणि पळवून नेतो. झालं लग्न!" मालती तोंडावर हात ठेवून हसली आणि माझ्याकडे वळली. "खरं का गं?" मला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. आयुष्यभर दुरसिंगदादाच्या घरी जेवलेली मी, असलं काही कधी ऐकलंही नव्हतं. पण त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो तर. दरवर्षी होतं." आणि वर दोन गोष्टी पदरच्या घालून सांगितल्या. आजही होळी जवळ आली की वर्तमानपत्रात भोंगऱ्याचा फोटो येतो, त्याखाली हीच गुलालाची आणि पळवण्याची बातमी असते, आणि पावरा समाजाचे शिकलेले लोक दरवर्षी लिहून कळवतात की बाबांनो, हा आमचा होळीचा बाजार आहे, असलं काही इथे नसतं. ते वाचताना माझे कान तापतात. ती थाप पिकवणाऱ्यांत चौदा वर्षांची मीही होते.

मी जमनीला विसरले होते, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. सतरंजीवरून महूचा शेंडा दिसत होता. मी दोनदा तिकडे पाहिलं. दोन्ही वेळा वाटलं की आता उठावं, आणि दोन्ही वेळा वाटलं की तिला इथे आणलं तर पुन्हा 'ही कोण' होईल. आणि ती हलणार नाही याची मला खात्री होती. म्हणून मी बसून राहिले.

जीप गेली तेव्हा उन्हं कलली होती. मी महूकडे निघाले आणि चार पावलांवर नाना आडवे आले. "कोठे व्हती वं? गाडी जुपेल शे कवळनी! जमनी कोठे?" नानांचा हात फार चाले. आबांपेक्षा मी त्यांना भिऊन असे. 'महूखाली आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण मग गाठ कुणी सोडली, तू कुठे होतीस, हे सगळं निघणार होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ती एक पोऱ्यासंगे गई," मी म्हणाले. "तेनी तिले गुलाल लावा. ती तिकडे गई." आणि मी महूच्या बरोबर उलट्या दिशेला, डोंगराच्या वाटेकडे हात केला.

दुरसिंगदादा ढोल गाडीत ठेवत होता. त्यानं तो खाली ठेवला. "कोन पोऱ्या? कोनता गावना?" मी म्हणाले, लाल फेट्याचा. बाजारात दर तिसरा फेटा लाल होता. दुरसिंगदादा म्हणाला, "मन्ही जमनी माले सांग्याबिगर जाई नही, सुमनबाई."

"अरे, तुमन्हामा व्हसच ना असं!" नाना म्हणाले.

दुरसिंगदादानं मान खाली घातली. मग तो आणि काळीबाई डोंगराच्या वाटेनं धावत सुटले, मी दाखवलेल्या. नानांनी मला गाडीत बसवलं आणि बैल हाकले. दिवेलागणीला आम्ही गावात आलो. नाना पारावर थांबले, आणि मी हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत गावाला कळलं होतं की दुरसिंग्याची पोर भोंगऱ्यात पळून गेली.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी दाराआडून ऐकलं. काळीबाई मायला सांगत होती. जमनी महूखाली उभी होती. दुकानं आवरली गेली तरी उभी. एका बांगडीवाल्या बाईनं तिला डाळ्या दिल्या, चल म्हणाली, तर ही म्हणे, "मन्ही मैतरीण येई. तिले मी सापडाव नही." अंधार पडल्यावर दुरसिंगदादा दोन कोस धावून परत आला, ढोल गळ्यात घातला आणि रिकाम्या बाजारातून वाजवत फिरला. तेव्हा ती झाडाखालून निघून आली. मी खरं बोलले असते तर गाडीपासून ते झाड शंभर पावलांवर होतं.

गावानं मात्र पळून गेल्याचीच गोष्ट धरून ठेवली. ती शाळेत आली तेव्हा मुलींनी तिच्यासाठी जागा केली नाही. मी पण केली नाही. मधल्या सुट्टीत विहिरीपाशी तिनं मला गाठलं. "त्या दिन तू काय सांगं वं?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "मी काहीच नही सांगं. नानानी सांगं." "बरं," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

फायनलची परीक्षा शहाद्याला होती. आम्ही पाच मुली माझ्या मामांकडे उतरणार होतो आणि जमनी सहावी. तिघींच्या आया आमच्या घरी आल्या. "ती पोर ऱ्हाई तं आमन्या पोरी धाडाव नही," त्या म्हणाल्या. "गाव काय म्हनई?" मी तिथेच बसून मिरच्यांची देठं खुडत होते. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणत मी एकेक देठ खुडत राहिले आणि सगळी मिरची संपली. मायनं मामांना निरोप धाडला की पाचच मुली येतील. मास्तर एकदा आबांकडे येऊन गेले, पण आबांनीही गावाकडे बोट दाखवलं. शहाद्यात तिला ठेवून घेणारं दुसरं घर दुरसिंगदादाला ठाऊक नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी जमनीनं तिची गणिताची वही माझ्याकडे पाठवली. भावाच्या हाती, निरोप नाही. मी ती वही घेतली. त्या वहीवर मी पास झाले.

पेढे वाटले त्या दिवशी मला रडू कोसळलं. माय ओट्यावर होती. मी तिला सगळं सांगायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं. "मी बांधेल गाठ आपोआप सुटत नही," ती म्हणाली. "माले त्याच रातले समजनं. आते गप ऱ्हाय. तुन्हं लगीन करनं शे आम्हले." आणि तिनं माझ्या हातात पेढ्यांचं ताट दिलं. मायवर मी फार प्रेम केलं. पण त्या दिवशी तिनं मला ओढत झोपडीकडे नेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. अर्थात पाय माझे होते. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

आमच्याकडे सालदारांचं वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पालटतं. त्या अखाजीला दुरसिंगदादानं आबांना सांगितलं की पुढचं साल नको. आबांना नवल वाटलं, कारण भांडण नाही, तक्रार नाही. मळ्यातून त्यांची गाडी निघाली तेव्हा मी घरात होते आणि बाहेर आले नाही.

मी मास्तरीण झाले. लग्न झालं, दोन बदल्या झाल्या आणि तिसरी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात झाली. एक खोली, एक फळा आणि मी. जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात सकाळी दारात एक बाई उभी राहिली, बरोबर सहा-सात वर्षांची पोर. मी मान वर केली आणि खुर्चीवरून उठले. जमनीनंही मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, ते मी नीट पाहिलं, आणि मग ते हळूहळू ओसरलं.

"ये, बस," मी म्हणाले. ती बसली नाही. पोरीचं नाव सेवंती. मी घाईघाईनं पटाचं पुस्तक उघडलं, टाक दौतीत बुडवला. "जमनी, त्या दिवशी मी..."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "कवळनंच ठाऊक शे." मग तिनं मायची चौकशी केली, आबांची केली, माझी मुलं किती ते विचारलं. दुरसिंगदादा दोन वर्षांपूर्वी गेला, असं सांगितलं. माठातलं पाणी प्याली. मी पुन्हा टाक उचलला तेव्हा म्हणाली, "नाव आज नको लिखू. आज नुसती देखाले उनू व्हतू."

मी चार दिवस ती ओळ मोकळी ठेवली. पाचव्या दिवशी माझ्याच वर्गातल्या पोरांनी सांगितलं की सेवंतीचं नाव नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेत घातलंय. ती शाळा दोन कोसांवर होती आणि जमनी रोज तिला पोचवायला जाणार होती. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता. तिला पोर शिकवायची होती आणि माझ्या भरवशावर ती तिला सोडणार नव्हती, एवढंच.

त्यांची वाट माझ्या शाळेपुढून जाई. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी दारात जाऊन उभी राहिले. जमनीनं मला पाहिलं, ओळखीचं हसली, 'कशी शे?' म्हणून विचारलं आणि पोरीला घेऊन पुढे गेली. मी आत आले आणि हजेरी घ्यायला लागले.